लवॉनचा स्वच्छ ओढा

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लवॉन स्ट्रँडला निसर्गाचा पुळका येतो. बर्फ वितळून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात, अंगणात पाय ठेवला तर घोट्यापर्यंत चिखल, आणि मिनेसोटातल्या त्या छोट्या गावातली शहाणी माणसं घरात बसून खिडकीतूनच वसंताचं कौतुक करत असतात. अशा वेळी लवॉन केशरी जाकीट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून गावामागच्या ओढ्यावर उभी राहते आणि ओळखीच्या प्रत्येकाला तिथं हजर करते. नाही म्हणायची सोय नसते, कारण ती विचारत नाही, कळवते.

आर्डिस होल्मला तर ती कळवतही नसे. समोरच्या घरातली चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, म्हणजे ती धरलेलीच. आर्डिस सहासष्ट वर्षांची. ग्रंथालयातली नोकरी संपलेली, नवरा नॉर्म जाऊन आठ वर्षं झालेली. तिच्या स्वतःच्या अंगणात गेल्या पानगळीचा पाला कुजत पडला होता, पण त्याची पाळी रविवारी, तीही कंबर शाबूत राहिली तर. शनिवार समाजाचा.

त्या शनिवारी चोवीस माणसं जमली. वाटलेले हातमोजे निम्म्याहून अधिक डाव्या हाताचे निघाले. कॉफी इतकी पातळ होती की ती ओढ्यातूनच भरली असावी असं क्लेम हॅगबर्ग म्हणाला. क्लेम म्हणजे निवृत्त पोस्टमन. तो दरवर्षी निसर्गासाठी नव्हे, डोनटसाठी येई आणि ते लपवतही नसे, त्यामुळे सगळ्यांत प्रामाणिक स्वयंसेवक तोच.

मग लवॉनचं भाषण झालं. ओढा म्हणजे गावाचा प्राण, वगैरे नेहमीचं होतंच. यंदा तिनं विशेष भर दिला तो पाल्यावर. अंगणातला पाला पिशव्या भरभरून ओढ्यात ओतणारे लोक आपल्यातच आहेत, तो पाला सडतो, पाणी हिरवं होतं, मासे मरतात. असल्या लोकांना लाज वाटली पाहिजे, असं तिनं शिट्टी हातात धरून सांगितलं. चोवीस जणांनी माना डोलावल्या. काहींनी जरा जास्तच जोरात डोलावल्या.

अकराच्या सुमारास लवॉनच्या परसामागच्या वळणावर क्लेमची कचरा ओढायची आकडी कशाला तरी अडकली. तो कमरेएवढे रबरी बूट घालून पाण्यात उतरला होता. त्याच्या मदतीला आणखी दोघं गेली, बरीच ओढाओढ झाली, आणि सडक्या पाल्याच्या थराखालून एक एकचाकी ढकलगाडी वर आली. चाक गंजलेलं, पत्रा फाटलेला. तिची एक मूठ लाकडाची होती, दुसरी मूठ म्हणजे हॉकीची मोडकी काठी, तीन बोल्टांनी घट्ट बसवलेली.

"ही कुणाची?" क्लेमनं विचारलं.

"माझी," आर्डिस म्हणाली.

ती काठी नॉर्मची होती. मूठ तुटल्यावर नवीन गाडी आणण्याऐवजी त्यानं ती स्वतःच्या हातानं बसवली होती आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली होती. नॉर्म गेल्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, लवॉननं ती गाडी दोन दिवसांसाठी नेली. महिन्यानं आर्डिसनं मागितली, तेव्हा लवॉन अगदी मायेनं म्हणाली होती की अगं, मी त्याच रविवारी तुझ्या गॅरेजमध्ये ठेवली, तू स्वतः दार उघडलंस, आठवत नाही का?

आर्डिसला आठवेना. तिनं गॅरेज दोनदा रिकामं केलं. मग तिला तिची आई आठवली, जी शेवटच्या तीन वर्षांत लेकीला नर्स समजत होती. तिथून आर्डिसनं घरभर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली: गॅस बंद, मागचं दार, गोळी घेतली. शेवटी ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, संत्रं, पूल, घोडा, टोपी, चमचा हे शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि काही काळजीचं नाही, पण दरवर्षी येत जा म्हणाला. ती सहा वर्षं नेमानं गेली. दरवेळी तिला आपल्या मोटारीतून नेलं लवॉननं. परतताना ती आर्डिसला ॲपल-पाय खाऊ घाली, आणि एकदा तर तिनं मेंदूला व्यायाम म्हणून शब्दकोड्यांचं जाडजूड पुस्तकही भेट दिलं. मैत्रीण असावी तर अशी.

लवॉन काठावरच उभी होती. "चोरीला गेली असेल गं," ती म्हणाली. "गॅरेजमधून."

"आणि चोरानं ती तुझ्या परसातून पाण्यात ढकलली. पाल्यासकट."

लवॉनचा चेहरा जाकिटाच्या रंगावर गेला. आजूबाजूची माणसं एकाएकी फार मन लावून कचरा वेचू लागली. क्लेमला एवढंच कळलं की आता इथून निघालेलं बरं, आणि तो डोनट शोधायला गेला. आर्डिसनं हातमोजे काढून पिशवीत टाकले आणि ती घरी आली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण तिला आली ती भूक. तिनं दोन सँडविच खाल्ले, घरभर फिरून एकूण एक चिठ्ठी उपटली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर केळ्याची साल टाकली. 

रविवारी सकाळी आठला अंगणात खरवडल्याचा आवाज आला. लवॉन फावडं, दंताळं आणि पिशव्या घेऊन हजर होती. न विचारता, अर्थातच. आर्डिसनं कॉफी केली, एकाच कपात ओतली आणि ती बाहेर पायरीवर बसून प्यायली.

तासाभरात लवॉननं ओला पाला सात पिशव्या भरला. मग दंताळ्यावर रेलून तिनं सांगायला सुरुवात केली. ती त्या काळी दरवर्षी पाला ओढ्यातच ओतायची. त्या वर्षी उतारावर गाडी हातातून सुटली आणि पाल्यासकट गडप झाली. नॉर्मची काठी पाण्यात घालवली हे सांगायचा तिला धीर झाला नाही, म्हणून तिनं थाप मारली. आर्डिस दोन दिवसांत विसरेल असं तिला वाटलं होतं.

"मी विसरले नाही, तीच तर पंचाईत," आर्डिस म्हणाली.

"तू डॉक्टरकडे निघालीस तेव्हा मी सांगणार होते. मोटारीत बसेपर्यंत ठरवलं होतं मी. पण तू इतकी घाबरली होतीस, की म्हटलं, आता सांगितलं तर ही मला दारात उभं करणार नाही."

"म्हणून मला सहा वर्षं घाबरू दिलंस."

लवॉननं मान खाली घातली. "त्यानंतरच तर मी ओढ्याचं काम सुरू केलं," ती पुटपुटली.

म्हणजे गावाला मिळालेला निसर्गप्रेमाचा हा झरा आर्डिसच्या ढकलगाडीतून उगम पावला होता. आर्डिसला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला. ती म्हणाली, "लवॉन, माझी आई मला ओळखेनाशी झाली तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस. मला कशाची भीती वाटते ते तुला ठाऊक होतं."

 लवॉन तिथंच चिखलात बसून रडली. आर्डिसनं तिला रडू दिलं. मग तिनं आत जाऊन दुसरं दंताळं आणलं, कारण उरलेलं अर्धं अंगण लवॉनच्या भरवशावर सोडलं असतं तर जून उजाडला असता. संध्याकाळपर्यंत दोघींनी एकोणीस पिशव्या भरल्या आणि गावाच्या खतखड्ड्यावर नेऊन रिकाम्या केल्या. लवॉन घरी निघाली तेव्हा आर्डिसनं एकच अट घातली: सोमवारी ओढा समितीच्या बैठकीत तू स्वतः सांगायचं.

सोमवारी लवॉननं सांगितलं. समितीच्या सात जणांसमोर आणि मागच्या खुर्चीवर बसलेल्या आर्डिससमोर उभं राहून, पाला, गाडी, थाप, सगळं.  मग चर्चचे निवृत्त पाद्री खाकरले आणि म्हणाले की नाताळचं झाड ते बरीच वर्षं पुलावरून खाली सोडत आले आहेत. चिटणीसबाईंनी कबूल केलं की वरच्या डबक्यात त्यांचं गवत कापायचं यंत्र आहे. अर्ध्या तासात असं निघालं की समितीत पाला न टाकलेला एकच माणूस होता, आणि तोही फ्लॅटमध्ये राहत होता. ओढ्याला इतकी जाणकार समिती शोधून सापडली नसती. एकमतानं ठराव झाला की पुढच्या शनिवारी पुन्हा सफाई करायची, आणि याची फार वाच्यता करायची नाही.

बाहेर पडल्यावर लवॉननं आपल्या मोटारीजवळ थांबून, जरा चाचरतच, आर्डिसला विचारलं की तुझा राग गेला का.

"नाही," आर्डिस म्हणाली. "गुरुवारी ये. कुंपण रंगवायचंय."