पेटीच्या तळातला उलटा ग्लोव्ह

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना ग्लोव्ह आहे. जन्म जालंधरच्या कारखान्यातला, मुक्काम धारूरच्या क्रीडा मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत, आणि नाव पडले 'उलटा'. त्याचे असे आहे, की या खेळात ज्या हाताने चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवतात आणि दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतात. पेटीतले माझे सगळे भाऊ डाव्या हातात घालायचे. मी एकटा उजव्या हातातला, म्हणजे डावखुऱ्या खेळाडूसाठी शिवलेला. पण हे सांगणार कोणाला? जो येई तो मला डाव्या हातात कोंबी, अंगठा सापडत नाही म्हणून चिडे आणि "कारखान्याचीच चूक हाय बे ही," म्हणत परत पेटीत फेकी. पडून पडून माझे कातडे खडखडीत वाळले. एकदा उंदराने माझी करंगळी कुरतडून तिच्यात संसारही थाटला. मला त्याचा राग आला नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडलो, एवढेच वाटले.

मग मनिषा आली. विशीतली पोर, घर ऊसतोडीवर जाणारे, आणि ती डावखुरी! तिच्या आजीने, भिवराबाईने, लहानपणी तिचा डावा हात चिंधीने बांधून ठेवला होता. "डाव्या हातानं वाढलेलं पोटाला लागत न्हाई," हे आजीचे मत. उसाच्या फडातही तिला कडेच्या सरीला उभी करत, कारण तिचा कोयता शेजारणीच्या कोयत्याला भिडायचा. एकदा मैदानाबाहेर गेलेला चेंडू तिने रस्त्यावरूनच डाव्या हाताने असा भिरकावला, की नवे आलेले प्रशिक्षक सोमेश्वर सर शिट्टी वाजवायची विसरले. त्यांनी पेटी उपसली, मला झटकले आणि तिच्या उजव्या हातात चढवले.

"अगं बया, ह्यो तर माझाच हाय!" मनिषा म्हणाली.

इतक्या वर्षांत मला कोणी 'माझा' म्हटले नव्हते. मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

त्याच साली मराठवाड्यात मुलींची मानधनाची लीग सुरू झाली. धारूरच्या संघाला कोणी खिजगणतीत धरत नव्हते. मनिषाला पहिला बेस, म्हणजे धावणारीने गाठायचा पहिला टप्पा, सांभाळायला मिळाला. फटका मारणारी मुलगी धावत तिथे पोहोचायच्या आत, बेसवर पाय ठेवून सोबतिणीने फेकलेला चेंडू झेलायचा, की ती बाद. आम्ही दोघांनी असे कितीतरी झेल घेतले. युसूफ वडगावचा संघ हरला, मग एकेक करून बाकीचेही हरले. आजी कुरकुरत का होईना, मला करडईच्या तेलाने चोळू लागली. "चांगलं कातडं हाय, वाया कावून घालवायचं?" असे तिचे चालू असायचे.

अंतिम सामना तलवाड्याशी होता. संघाचे अध्यक्ष सुंदरराव यांनी मोठ्या हौसेने सगळ्यांना लाल रंगाचे नवे ग्लोव्ह आणले. सगळे डाव्या हातात घालायचे! सर काही बोलायला गेले, तर सुंदरराव म्हणाले, "सर, फोटोत समद्या पोरी एकसारख्या दिसाय पायजेत. एका पोरीनं हात बदलला तर काय बिघडतंय?"

जन्मभर हेच ऐकत आलेली मनिषा मुकाट्याने लाल ग्लोव्ह घालून गेली. मी पिशवीत, आजीच्या मांडीवर.

सामना शेवटच्या डावापर्यंत आला. आम्ही तीन धावांनी पुढे होतो. मनिषाच्या हातून एक चेंडू सुटला, मग दुसरा सुटला आणि आघाडी एकाच धावेवर आली. तलवाड्याची अजून एकच खेळाडू बाद व्हायची होती, की सामना आमचा. "काढा तिला बाहेर!" लोक ओरडू लागले. सुंदररावांनीही सरांना तीच खूण केली. मनिषा मान खाली घालून निघाली.

तेवढ्यात भिवराबाई उठली आणि मला घेऊन तडक मैदानात शिरली.

"सुंदरराव, पोरीचा हात मी बी बांधला व्हता," ती म्हणाली. "लई रडली ती. आता तुमी बांधू नगा."

सुंदररावांनी खुणेचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "चुकलं माझं, काकू. घाला तिला तिचाच."

आजीने स्वतःच्या हाताने मला नातीच्या उजव्या हातात चढवले. पुढचाच फटका जमिनीवरून आला, आमच्यातल्या एकीने चेंडू उचलून बेसकडे फेकला, पण बराच बाजूला. मनिषाने पाय बेसवरून हलू दिला नाही आणि मला ताणता येईल तेवढे ताणले. चेंडू माझ्या अगदी टोकाला, उंदराने कुरतडलेल्या करंगळीपाशी येऊन अडकला. मी तो सोडला नाही. धारूर जिंकले!

पेढे वाटले गेले. मनिषा आजीपुढे आली आणि सवयीने मला काढू लागली, पेढा उजव्या हाताने द्यायचा म्हणून.

"ऱ्हाऊ दे त्याला," आजी म्हणाली. "दे डाव्यानंच." आणि तिने तोंड उघडले.

आता माझी शिवण उसवत चालली आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून तेलाचा हात फिरवत जा, मित्रांनो. आणि कोणी उलटा वाटलाच, तर पेटीत टाकण्याआधी एकदा दुसऱ्या हातात घालून बघा.