नुन्झियाची चुकीची उत्तरं

माझ्याकडे एक कपाट आहे आणि त्याचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. चर्चच्या मागच्या खोलीत मी दुपारी गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेते. गणितात अडलेल्या मुलांना रमवायला बाजारात जे जे मिळतं, ते सगळं त्या कपाटात आहे. रंगीत कांड्या, मणीपाटी, आठ तुकडे होणारा लाकडी पिझ्झा, पाढे म्हटले की झाडावर चढणारी खार असलेला टॅबलेट. फादर अधूनमधून डोकावतात आणि विचारतात, "एर्सिलिया, हे देवाचं घर आहे की खेळण्यांचं दुकान?" मी म्हणते, "मुलं कुठे जास्त येतात ते बघा." मग ते गुमान निघून जातात.

फेब्रुवारीत रोझारिया तिच्या मुलीला घेऊन आली. रोझारिया हॉटेलात खोल्या आवरते आणि कायम घाईत असते. मुलगी नुन्झिया, दहा वर्षांची, पाचवीत, आईच्या कोटामागे उभी होती.

"एर्सिलियाताई, हिचं डोकंच चालेनासं झालंय," रोझारिया म्हणाली. "पूर्वी बरी होती. हिचे बाबा ऑक्टोबरात गेले तेव्हापासून साधी बेरीज येत नाही. शाळेतल्या बेल्लोक्कीबाई म्हणतात, जूनमध्ये तोंडी विचारीन, नाही आलं तर पुन्हा पाचवीत. वर्गातली सगळी मोठ्या शाळेत जाणार आणि ही एकटी मागे राहणार."

"राहू दे," नुन्झिया खालच्या आवाजात म्हणाली.

"ऐकलंत? हे असं बोलते."

तिचा बाप आन्तिमो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी कामावर असतानाच त्याचं हृदय थांबलं. मुलीचं डोकं बंद पडायला तेवढं कारण पुरे आहे असं मला वाटलं, आणि मी माझं कपाट उघडलं.

एकेक करून सगळं तिच्यापुढे ठेवलं. कांड्या तिने रंगांप्रमाणे सुरेख लावल्या, पण मोजायला सांगितलं की काहीतरी भलतंच सांगायची. लाकडी पिझ्झाचे तीन तुकडे उचलून विचारलं, उरले किती, तर म्हणाली नऊ. शेजारी बसणारी तिची मैत्रीण तित्ती हसून म्हणाली, "मावशी, तिला भूक लागलीये." टॅबलेटमधली खार तिच्या हातात गेली की बुंध्यालाच बसून राहायची. मला आता राग यायला लागला होता. मुलीवर कमी आणि खारीवर जास्त, कारण ती खार फुकट आलेली नव्हती.

"ती पाचवीत राहिली तर मीपण नापास होणार," तित्तीने एक दिवस जाहीर केलं.

"तुला त्यासाठी फार कष्ट पडणार नाहीत," मी म्हटलं. सगळी हसली. नुन्झियाही हसली, आणि तेवढ्यापुरती ती मला अगदी ठीकठाक दिसली.

मे उजाडला. एका दुपारी मला वाटलं, आपण उगाच बाजार धुंडाळतोय, घरात आहे तेच काढू. मी नाताळात घरोघरी खेळतात तो तंबोला काढला. मुलं ओरडली, "मावशी, नाताळ होऊन गेला!" पण आमच्याकडचं प्रत्येक मूल बोलायला लागतं ते तंबोल्यातले आकडे ऐकत. नव्वदपर्यंतच्या एकेका आकड्याला आमच्याकडे नाव आहे. बावीस वेडा, चौतीस डोकं, बेचाळीस कॉफी, पन्नास पाव, बावन्न आई. शाळेचा कंटाळा करणाऱ्या पोरालाही हे झोपेत येतं. मी नियम थोडा बदलला. आकडा पुकारायचा नाही, गणित पुकारायचं. उत्तर आपल्या कार्डावर असेल तर त्यावर घेवड्याचा दाणा ठेवायचा.

"वीस अधिक चौदा."

"डोकं!" पोरं एका सुरात म्हणाली. चर्चची खोली दणाणली, आणि माझ्या मनात आलं, एवढं सोपं होतं तर कपाट कशाला भरलं.

"चोवीस दुणे."

"अठ्ठेचाळीस! बोलणारा मेलेला!"

नुन्झियाच्या कार्डावर अठ्ठेचाळीस होता, मला उलटा दिसत होता. तिने त्यावर तळहात ठेवला आणि दाणा कोपऱ्यातल्या भलत्याच आकड्यावर टाकला. मग मी खेळ सोडून तिच्याकडेच बघत बसले. तिच्या कार्डावरचा आकडा निघाला की दाणा दुसरीकडे जायचा. न चुकता. शेवटी तिचे सगळे दाणे अशाच आकड्यांवर पडलेले होते जे कुणी पुकारलेच नव्हते.

गणित न येणारी मुलं मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली आहेत. न येणारं मूल अंदाज मारतं, आणि त्याचा एखादा तरी दाणा चुकून बरोबर पडतोच. हिचा एकही पडला नव्हता.

घेवडा गोळा करायच्या निमित्ताने मी तिला मागे ठेवून घेतलं.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"काय?"

"मुद्दाम चुकणं. इतकं चुकायचं तर आधी सगळं बरोबर यावं लागतं, बाई. मला शिकवू नकोस."

तिने मुठीतले दाणे डब्यात टाकले. "तुम्ही आईला सांगणार?"

"आधी ऐकू दे."

"बाबा माझ्या स्वप्नात येतात," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्याच येत नाहीत. फक्त माझ्या."

पुढचं तिने सांगायच्या आधीच माझ्या लक्षात यायला लागलं. आमच्या गल्लीत मेलेला माणूस स्वप्नात येतो तो सोडतीचे आकडे सांगायला, असं सगळे धरूनच चालतात. मीही माझ्या आईने स्वप्नात सांगितलेले लावले होते. एकही आला नाही.

"साबातिनोकाका रोज सकाळी यायचे," नुन्झिया म्हणाली. "आला होता का गं माझा भाऊ? काय म्हणाला? आकडे दिले का? मग आई विचारायची. मग समोरच्या काकू विचारायच्या. एकदा मी खोटाच आकडा सांगितला. तो काही आला नाही. तर काका म्हणाले, आन्तिमो जिवंतपणीही असाच होता, ऐन वेळी उपयोगाला यायचा नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"मग मी सांगून टाकलं की मला आकडे कळतच नाहीत. काही सांगितलं असेल तर ते मला समजलं नाही. मग सगळे गप्प बसले. पण शाळेत गणितं बरोबर आली असती तर ते घरी कळलंच असतं ना."

"म्हणून तिथेही चुकायचं."

"हो."

"आणि ते आकडे सांगतात का खरंच?"

"नाही हो मावशी," ती म्हणाली. "त्यांना त्यातलं काही माहीतच नाही."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. एवढीशी पोर आपल्या बापाला लोकांच्या बोलण्यातून वाचवायला स्वतःला ढ म्हणवून घेत होती, आणि मी तिच्यापुढे खार नाचवत होते.

नाक पुसून मी म्हटलं, "हे बघ. आकडे येणं वेगळं आणि कुणी मागितले म्हणून देणं वेगळं. या गल्लीतल्या प्रत्येक बाईचं खरं वय मला माहीत आहे. मी सांगते का कुणाला?"

"पाववालीचं सांगता."

"तिने माझ्याशी भांडण काढलं होतं. तो विषय वेगळा."

ती हसली. मग म्हणाली, "मी पास झाले तर काका विचारणार."

"विचारू दे. मी तिथे असेन."

"नक्की?"

"नक्की. पण त्या दिवशी बेल्लोक्कीबाईंना खरी उत्तरं द्यायची. नाहीतर तित्ती तुझ्यासाठी नापास होऊन बसेल, आणि तिच्या आईला मी तोंड देणार नाही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पास झाली. नुसती पास नाही, अपूर्णांकांची दोन गणितं तिने फळ्याकडे न बघता तोंडी सोडवली. बेल्लोक्कीबाईंनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "कुठलं साधन वापरलंत? मलाही वर्गासाठी घ्यायचंय." मी म्हटलं, "घेवडा." त्यांना ती थट्टा वाटली असावी.

संध्याकाळी रोझारियाच्या दाराशी खुर्च्या मांडल्या होत्या. घर म्हणजे एकच खोली, दार सरळ गल्लीत उघडतं, त्यामुळे तिथे बसणारा प्रत्येक जण रस्त्यावरच बसतो. साबातिनो मासळीची गाडी लावून, हात धुऊन, मिठाईचा खोका घेऊन आला. माणूस वाईट नाही. धाकट्या भावाला त्यानेच वाढवलं होतं, आणि तो गेल्यावर याला रडायची दुसरी रीत सापडली नव्हती, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी दात आवळून बसले होते.

"उघडलं एकदाचं पोरीचं डोकं!" तो म्हणाला आणि त्याने नुन्झियाचा गालगुच्चा घेतला. "आता सगळं कळतंय ना? मग सांग बघू. येतो का तो?"

रोझारिया कॉफी ओतत होती, तिचा हात थांबला. मी बोलायला तोंड उघडलं. नुन्झियाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"येतात," ती म्हणाली.

"काय सांगतो?"

"काही सांगत नाहीत. खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधतात. मला बांधता येतात, तरी बांधतात."

"गाठी किती?" साबातिनोने कानावरची पेन्सिल काढली. "एका बुटाला किती? आधी डावा की उजवा?"

"भावोजी," रोझारिया म्हणाली, "ठेवा ती पेन्सिल."

तिने कॉफीचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि खुर्ची ओढून मुलीच्या समोर आणली. आन्तिमो गेल्यावर हीच बाई रोज सकाळी कामावर जाता जाता त्या पोरीला आकडे विचारत होती. आता ती विचारत होती, "दिसतात कसे गं? दाढी केलेली असते?"

नुन्झियाने जरा विचार केला. "नाही. सुट्टीच्या दिवशी असायची ना, तशी असते. टोचते."

साबातिनोने पेन्सिल खिशात टाकली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"माझ्याकडे येत नाहीत गं ते," रोझारिया म्हणाली. "एकदाही आले नाहीत. मला वाटायचं, निदान आकडे तरी कळावेत. म्हणजे ते काहीतरी बोलले असं होईल."

"मग मी उठल्यावर सांगत जाईन तुला," नुन्झिया म्हणाली. "त्यांनी काय केलं ते."