मनगटाचा झटका

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आपली तब्येत दाखवून घ्यावी. तरीही ती सांगायची, कारण जिच्यावर गुदरली ती, गोष्टीतल्या मावशीची भाची, इथंच खिडकीपाशी पाय पोटाशी घेऊन बसली आहे आणि अजून तरी गप्प आहे. बोलेल तेव्हा बोलेल.

तर भाचीचे वडील गेले आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर तिच्याकडे आलं. कागदपत्रं झाली, परवाना झाला, राहिली ती नेमबाजीच्या क्लबातली तपासणी. तिथला नियम कडक. जुनं हत्यार पास झालं तर मैदानावर न्या. नापास झालं तर नळी वेल्डिंग करून कायमची बुजवायची, मग खुशाल भिंतीवर टांगा. वडील त्याच मैदानावर त्याच रिव्हॉल्व्हरने नेम धरायचे. ते मुकं झालेलं भाचीला बघवलं नसतं. तपासणी दुसऱ्या दिवशी होती, आणि गोळ्यांची चक्री पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी हलत होती.

बाजारातला एक दुरुस्तीवाला म्हणाला, "चक्रीच्या खाचा झिजल्यात. हातोडीने कडा ठोकून देतो, बसेल घट्ट." त्याने हातोडी उचलली तशी भाचीने रिव्हॉल्व्हर उचललं आणि थेट मावशीचं दुकान गाठलं. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण. भाचीच्या वडिलांशी तिचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. का, ते भाचीला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मावशीला सगळे खटकामावशी म्हणत. हत्याराचा खटका ऐकून ती आतलं दुखणं सांगायची. हत्यारांचं सोडा, जिना चढून येणाऱ्याच्या पावलावरून ती आतूनच ओरडायची, "डावा गुडघा, आतली बाजू!" आणि हाडांचा डॉक्टर पुढे तेच सांगून वर पैसे घ्यायचा.

"आलीस का? ये. ते आधी रिकामं करून दाखव," मावशी म्हणाली. बाकी ख्यालीखुशाली नाही.

भाचीने चक्री बाहेर काढून गोळ्यांची रिकामी घरं दाखवली आणि मनगटाला झटका देऊन खाडकन बंद केली. वडील असंच करायचे. लहानपणी ती दहादा करायला लावायची त्यांना.

मावशीने डोळे मिटले, जणू कुणीतरी थोबाडीत मारली होती. भाचीला वाटलं, आवाज आवडला.

मग मावशीने पुन्हा स्वतः रिकामं असल्याची खात्री केली, पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उशीखाली ठेवलं. समोरच्या इमारतीत एकाला शिंक येत होती, त्याने ती संध्याकाळपर्यंत राखून ठेवली. चाप ओढून धरत तिने दोन बोटांनी चक्री डावी-उजवी हलवली. पुढचं घर, पुन्हा तेच. सगळी घरं झाली.

"खाचा ठीक आहेत," ती म्हणाली.

"तो तर म्हणाला..."

"त्याला हातोडी चालवायची होती. खाच गेली असती तर एखादं घर जास्त हललं असतं. इथं सगळी सारखीच हलतात. म्हणजे दुखणं सगळ्यांना सामाईक." तिने बाजूची पट्टी उघडली. आत एक इवलासा अडसर होता, खालून वर येऊन खाचेत बसणारा, चक्रीला जागच्या जागी धरणारा. त्याचं टोक एका कुशीला झिजून आरशासारखं चकाकत होतं.

"हाच ना?" भाचीला हायसं वाटलं.

"हा चोर आहे. पण शिकवणारा वेगळाच आहे." मावशीने नळीतून एक घोटीव सळई सोडली. ती चक्रीच्या घरात सरळ उतरायला हवी होती. प्रत्येक घरापाशी ती अडली, आणि दर वेळी एकाच बाजूला. "चक्री ज्या लोखंडी हातावर बाहेर वळते तो हात वाकलाय. झटके खाऊन खाऊन. तुझ्या बापाचं काम हे."

"बाबांना मध्ये आणू नकोस, मावशी."

"मी कशाला आणू? तोच आत बसलाय. चार माणसांत सांगितलं त्याला, बाबा रे, अंगठ्याने दाबून बंद कर, हे दार नव्हे लाथ मारायला. तर माझ्याकडे बघत हसला आणि परत दिला झटका! तेव्हापासून मी बोलले नाही."

भाची आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

मावशीने नवा, जरा जाडसर अडसर घेतला. त्याला मेणबत्तीची काजळी धरायची, खाचेत टेकवायचा, जिथे काजळी पुसली जाईल तिथेच कानस फिरवायची. तीही अशी हलकी, की लोखंडाचा कीस खाली न पडता हवेत तरंगायचा आणि मावशी फुंकर घालून त्याला खिडकीबाहेर पाठवायची. वाकलेल्या हाताला शिशाच्या मोगरीने एकच टपली मारली, लाडक्या पोराला मारतात तशी. सळई पुन्हा सोडली. या वेळी ती प्रत्येक घरात लोण्यात उतरावी तशी उतरली.

चाप ओढून मावशीने चक्री भाचीच्या बोटांत दिली. "हलव." हलेना. भाचीला हुंदका आला.

"रडू नकोस, गंज चढेल," मावशी म्हणाली. "चल, उद्या मीही येते."

क्लबातला तपासनीसही कसलेला माणूस. त्याने घर न् घर पारखलं, सळई सोडून पाहिली, मग रिव्हॉल्व्हर उघडंच भाचीच्या हाती दिलं. "बंद करा बघू."

भाचीचं मनगट सवयीने वळलं. मागे मावशीने श्वास धरला. तो एवढा मोठा होता की मैदानावरचे झेंडे तिच्या बाजूला झुकले. मनगट अर्ध्यावर थांबलं. भाचीने दुसऱ्या हाताचा तळवा चक्रीला लावला आणि अंगठ्याने हळूच दाबलं. टिक्. एवढंच.

"पास," तपासनीस म्हणाला. "कुणी केलंय हे काम? हात दाखवा जरा त्यांचे."

मग वडिलांच्या जागेवर उभी राहून भाचीने नेम धरला. पहिली गोळी थेट मध्यावर. दुसरी पहिलीच्या भोकातून गेली, तिसरी दुसरीच्या मागोमाग, आणि शेवटच्या गोळीपर्यंत कागदाला एकच भोक...

"थापा!" खिडकीपाशी पाय पोटाशी घेऊन बसलेली भाची ताडकन उठली आणि माझ्यावर डाफरली. "काका, निम्म्या गोळ्या कागदाला शिवल्याही नाहीत! बाबांसारखा नेम मला कुठला! आणि मावशी मागून सगळ्या क्लबाला ऐकू जाईल अशी ओरडली, 'चक्रीला बोल लावशील तर याद राख!'"