यादीतली आई

उमापूरचे माजी सरपंच अर्जुनराव सकाळपासून घरच्या कॉम्प्युटरशी भांडत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समोरचा त्यांचं ऐकत नव्हता. राउटरचा कारभार बघायचं सॉफ्टवेअर उघडायचं, पांढरं पान दाखवायचं, मधोमध एक चकरी गरगर फिरायची आणि सगळं गोठून जायचं. तीनदा मशीन बंद-चालू करून झालं. राउटरची वायर काढून, पुसून पुन्हा लावली. शेवटी मॉनिटरला एक चापट मारली, तीही वाया गेली.

त्यांना त्यात एकच काम करायचं होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पंचवीस दिवसांपूर्वी याच सॉफ्टवेअरमधून त्यांनी आपल्या बायकोचा फोन वायफायवरून ब्लॉक केला होता. आता तो मोकळा करायचा होता.

झालं होतं असं. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, रविराजनं, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या मोहिनीशी कोर्टात लग्न लावलं आणि मग फोन करून सांगितलं. अर्जुनरावांचा पारा चढला. गावातली पन्नास लग्नं जमवणाऱ्या माणसाला पोटच्या पोराच्या लग्नाचं साधं आमंत्रण नाही! त्यांनी पोराला नाही नाही ते सुनावलं, त्याचा नंबर आपल्या फोनवर बंद केला, आणि छबुबाईंना यातलं अक्षरही कळू दिलं नाही. छबुबाईंचा फोन लेकानंच दिलेला. त्यात रिचार्ज कधी मारलाच नव्हता. घरच्या वायफायवर लेकाशी बोलण्यापुरता तो होता. शेजारची पोरं वायफाय चोरतात म्हणून ब्लॉक कसं करायचं, तेही रविराजनंच बापाला शिकवलं होतं. विद्या अशी कामी आली.

"नेट गंडलंय. माणूस येणार हाय. माझ्या फोनवरनं बी त्याला लागंना," असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावून बघावं, तर लेकाचा फोन येत नाही हे शेजारणीपुढं कबूल करणं छबुबाईंच्या जिवावर यायचं. काल दुपारी मात्र अर्जुनरावांनी पाहिलं, की त्या पदरानं फोन पुसतायत आणि त्यालाच म्हणतायत, "बोल की रे बाबा. काय चुकलं माझं?" माणूस हट्टी होता, पण दगड नव्हता.

म्हणून आजची ही झटापट. अखेर त्यांनी गेवराईला राउटर विकणाऱ्या सुग्रीवला फोन लावला.

"अण्णा, ते सॉफ्टवेअर लई जुनं झालं. काढून टाका. ब्राउझर उघडा अन् वरच्या पट्टीत मी सांगतो ते आकडे टाका," सुग्रीव म्हणाला. "पण करायचं काय हाय तुमाला?"

"पासवर्ड बदलायचाय," अर्जुनराव खोटं बोलले. "तू आकडे सांग."

आकडे टाकले, तसं पान उघडलं. कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलेला पासवर्डही एका झटक्यात चालला. यादी समोर आली. रविराजनं घरातल्या एकेका यंत्राला नाव देऊन ठेवलं होतं: अण्णा, टीव्ही, कॉम्प्युटर. आणि सगळ्यांत खाली, ब्लॉक केलेल्यांमध्ये, एकच नाव होतं. आई. त्या दिवशी रागाच्या भरात अर्जुनरावांनी ते धड वाचलंसुद्धा नव्हतं. आज वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बटण दाबलं.

स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला, तो थांबेचना.

"अवो, नेट आलं! समदे मेसेज रविराजचेच हायेत!" छबुबाई पिठाच्या हातानंच धावत बाहेर आल्या. त्यांना फारसं वाचता येत नसे, म्हणून लेक बोलूनच मेसेज पाठवायचा. त्यांनी पहिला लावला.

"आई, फोन काहून उचलत न्हाईस? मी लगीन केलं. अण्णा लई बोलले. म्हणले, तू आमाला मेलास, तुझ्या नावानं आंघोळ करतो मी आज. अण्णांचं जाऊ दे. तू तर न्हाई ना केली? तेवढंच सांग मला."

छबुबाईंचा चेहरा उतरला. पुढचे सगळे मेसेज तेच विचारणारे होते. शेवटचा दोन दिवसांपूर्वीचा.

"एकच टिक दिसतीय. म्हंजी तू बी मला ब्लॉक केलंस. समजलं मी. आता न्हाई त्रास देत. हा नंबर बंद करतोय. गोळ्या येळेवर घेत जा."

त्यांनी घाईघाईनं कॉल लावला. स्क्रीनवर त्याचा फोटो तेवढा दिसत राहिला. रिंग वाजलीच नाही.

लग्नाचा तो फोन आला तो बुधवार होता. भर दुपारी अर्जुनराव मोरीत बसून डोक्यावरून पाणी घेत होते. कोण गेलं, असं छबुबाईंनी विचारलं, तेव्हा भावकीतलं लांबचं कुणीतरी, असं ते म्हणाले होते. मग रीतीप्रमाणे छबुबाईही आंघोळीला उठल्या होत्या. खरं बोलायला नको म्हणून त्यांची बादलीसुद्धा अर्जुनरावांनीच भरून दिली होती.

फोन हातात धरूनच छबुबाई त्यांच्याकडं वळल्या.

"मी बी केली की ओ," त्या म्हणाल्या. "जित्या लेकराच्या नावानं. आता त्याला काय सांगू मी?"

छबुबाईंनी पुन्हा कॉल लावला.