ताणलेला कागद

लोक त्याला आळस म्हणतात. पण आळसात मजा असते. आळशी माणूस पांघरूण ओढून खुशाल लोळतो. मी टेबलापाशी ताठ बसलेली असायचे आणि समोरचा कुंचला मला पाण्याने भरलेल्या बादलीएवढा जड वाटायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. पूर्वी कामावरून आले की चपला काढायच्या आधी रंग भिजत घालायचे. समोरच्या गच्चीवरची टाकी, नवऱ्याचे बूट, दिसेल त्याचं चित्र काढायचे. कुणी मागितलं नव्हतं, कुणी विकत घेणार नव्हतं. घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

आता एकच काम जमत होतं, कागद ताणायचं. कागद भिजवायचा, फळीवर पसरायचा, हाताने सपाट करायचा, चारी कडांना चिकटपट्टी लावायची. वाळला की तो असा घट्ट बसतो की रंगाच्या पाण्यानेही फुगत नाही. हे मला जमायचं, कारण यात काही सुचावं लागत नाही. धुलाईघरातलंच काम ते. कागद ताणून व्हायचा आणि मी दिवा बंद करायचे. दुसऱ्या दिवशी तो कोरा कागद कापून काढायचा, नवा भिजवायचा. ये रे माझ्या मागल्या.

"नमनाला घडाभर तेल," नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो; बंद पडलेली गोष्ट सुरू होतेच, असा त्याचा विश्वास.

मग सासूबाई पडल्या. खुबा मोडला. मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "इतकी वर्षं आम्ही केलं, आता तुम्ही बघा." त्यांचं चुकलं नव्हतं. पण आमच्या दोन खोल्या, आणि आमची झोपायची जागा सोडली तर पलंग मावेल अशी जागा एकच, खिडकीखालची. माझ्या टेबलाची.

"तसंही तू तिथे नुसती बसतेस," नवरा म्हणाला. मग माझा चेहरा बघून वरमला. "बरं, असं करू. रविवारी आईला आणायचंय. तोवर एक चित्र काढ. काढलंस तर पलंग आतल्या खोलीत टाकू, आपण बाहेर जमिनीवर झोपू. टेबल हलणार नाही. शब्द देतो."

त्याची पाठ आधीच दुखरी. तरी म्हणाला. मला वाटलं, आता तरी अंगात काही येईल. आठवडाभर मी रोज कागद ताणला. इतका सुंदर मी तो कधीच ताणला नव्हता.

रविवारी सकाळी त्याने मित्राच्या मदतीने लोखंडी पलंग जिना चढवून आणला, मित्राला खाली चहाला पाठवलं आणि दारातच उभा राहिला. मी टेबलापाशी होते. पाणी ओतलेलं, निळा रंग कालवलेला, कुंचला हातात.

"झालं?"

मी मान हलवली. नाही.

तो जवळ आला. "एक रेघ ओढ," हळूच म्हणाला. "नुसती रेघ. मी तिला चित्र म्हणेन. कुणी विचारलं तर आभाळ आहे म्हणून सांगेन."

मी हात उचलला. कुंचल्याचं टोक कागदाच्या वर थांबलं. थेंब पडेल म्हणून मी तो मागे घेतला. कागद खराब होईल, एवढंच मनात आलं. एवढा छान ताणलेला कागद. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही.

"पलंग खिडकीखाली लाव," मी म्हटलं.

टेबल भंगारवाल्याने नेलं. फळी मात्र राहिली. पलंगाच्या पट्ट्या मधोमध खचत होत्या, सासूबाईंची कंबर दुखायची, म्हणून नवऱ्याने ती गादीखाली सरकवली. कागद काढायचं त्याला सुचलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सासूबाई कटकट्या नाहीत. तासन्‌तास खिडकीतून टाकी बघतात. रोज सकाळी मी त्यांना कुशीवर वळवते, जुनी चादर ओढते, नवी पसरते, हाताने सपाट करते, चारी कोपरे गादीखाली खोचते. खोचताना बोटांना फळीवरची चिकटपट्टी लागते.

काल त्यांनी चादरीवरून हात फिरवला.

"एक सुरकुती नाही गं," त्या म्हणाल्या. "कला आहे हो तुझ्या हातात."

मला इतका संताप आला की त्यांची उशी हिसकावून घ्यावीशी वाटली. मी ती नीट केली, त्यांचं डोकं उचलून खाली सरकवली आणि विचारलं, "आई, आता बरं वाटतंय ना?"