फॉर्मवरचा नंबर

"झालं जी ह्या वर्षीचं. गाडीचंही अन् घराचंही," जयवंताबाई म्हणाल्या आणि आमच्याकडे न बघता पाणी आणायला आत गेल्या.

आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. रुपराव विमा एजंट कोण, हे सक्करदऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. जयवंताबाईंची शाळेची व्हॅन आणि घर, दोन्हींचा विमा वर्षानुवर्षं ह्यांच्याकडेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ह्यांना स्कूटीवर फिरवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मीही तिथे होते. विमा कोणाकडून काढला, असं ह्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बाईंनी गुळाचा खडाच पुढे केला. ह्या महिन्यातलं हे तिसरं घर. अशीच गळती राहिली तर एजन्सी बंद करू, असं कंपनीच्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं.

बाहेर येताच हे म्हणाले, "लहानूच आहे. मागच्या आठवड्यात त्याची लुना ह्याच गल्लीत होती."

लहानूभाऊ दुसऱ्या कंपनीचे एजंट. दोघं बरोबरच धंद्यात पडले, तेही एकमेकांचं गिऱ्हाईक तोडायचं नाही अशी गजानन महाराजांची शपथ घेऊन. सकाळचा चहा रोज एकत्र. पण तीन घरं गेली म्हटल्यावर माझंही डोकं फिरलं. मेल्याला दर हिवाळ्यात माझ्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी खाऊ घातली होती मी! गाडी सरळ त्यांच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर नेली.

लहानूभाऊंनी आम्हाला बघून बाकावर जागा केली. हे बसले नाहीत. चार माणसांदेखत म्हणाले, "माह्या ताटातलं काहून ओढून राहिला गा तू?"

लहानूभाऊ गडबडले. जयवंताबाईंकडे भाच्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो म्हणाले. आम्हाला ते खरं वाटलं नाही. आत्ताच बरा भाचा निघाला!

"फॉर्मवर नंबर कोणाचा टाकतं तू?" त्यांनी हळूच विचारलं. "गिऱ्हाइकाचाच ना? किती वर्षांपासून सांगून राहिलो तुले, आपला टाक."

बाकीचे एजंट तसंच करतात. गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःचा मोबाईल नंबर, म्हणजे कंपनीचा फोन परस्पर गिऱ्हाइकाकडे जात नाही. आमचे हे मात्र हरिश्चंद्राचे अवतार, खोटं कशाला लिहायचं म्हणतात. ह्यांना वाटलं, लहानूभाऊ विषय बदलताहेत. हे नाही नाही ते बोलले. लहानूभाऊ अर्धा चहा टाकून उठले आणि लुना ढकलत निघून गेले.

तलावाजवळ पोचलो तोच माझा फोन वाजला. आमच्या घराचा आणि स्कूटीचा विमा माझ्या नावावर, फॉर्मवर नंबरही माझाच. एक मुलगी फार गोड बोलत होती. ह्यांच्याच कंपनीची. मुदत संपत आली आहे, मोबाईलवर थेट आमच्याकडूनच घ्या, स्वस्त पडेल म्हणाली. मी स्पीकर लावला.

ह्यांनी विचारलं, "बाई, एजंट कोण लिहिला आहे तिथे?"

"रुपराव म्हणून आहेत, सर. पण आता त्यांची गरज नाही."

ह्यांनी गेलेली तिन्ही घरं बोटांवर मोजली; तिथल्या फॉर्मवरही गिऱ्हाइकांचेच नंबर होते. मग म्हणाले, "लिहून घ्या बाई, आम्ही एजंटकडूनच घेऊ." आवाज इतका सभ्य, की मला रडू आलं. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब सांगायचे, आपल्या रेटपुढे बाजारात कोणी टिकत नाही. एजंटही टिकत नाही, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आल्या पावली टपरीवर गेलो. लहानूभाऊ नव्हते. फोनही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी दोन चहा सांगितले. थोड्या वेळाने लहानूभाऊंची लुना समोरून गेली, थांबली नाही. टपरीवाला दुसरा कप उचलायला आला, तर ह्यांनी त्यावर बशी झाकली.

"राहू दे," म्हणाले. "त्याचा आहे."