वाटीभर विरजण आणि बरणीतला जेरल्ड

थांबा, झाकण एवढ्यात लावू नका. दही खाऊन झालं की भांड्याच्या तळाशी जो चमचाभर मागे ठेवतात ना, तो मी. विरजण. दही खाणाऱ्याला माझी कधी आठवण होत नाही, पण मी नसलो तर उद्याचं दूध दूधच राहतं. तेव्हा आज जरा माझं ऐका. मनात पुष्कळ साचलंय, आणि त्यातलं निम्मं तरी जेरल्डविषयी आहे.

मूळचा मी नागपूरचा, मीनलच्या आईच्या स्वयंपाकघरातला. त्यांच्याकडे मी कुठून आलो ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, सासूबाईंच्या वेळेपासून होतो म्हणे. तिथल्या उन्हाळ्यात माझी मिजास काय वर्णावी! सकाळी लावलं की दुपारच्या पानावर घट्ट दही, आणि कुणी बाहेर विसरलं तर संध्याकाळी आंबटढाण. मला ऊब द्यावी लागते हे तोवर माझ्या गावीही नव्हतं.

मीनल लग्न होऊन इंग्लंडला निघाली, तेव्हा तिच्या आईनं एक सुती रुमाल माझ्यात बुडवला, सावलीत वाळवला आणि तिच्या स्वेटरच्या घडीत ठेवून दिला. ब्रॅकनेलच्या घरात मीनलनं तो कोमट दुधात सोडला. पहिल्या खेपेला दूध नासलं, दुसऱ्या खेपेला मी लागलो. "आई, लागलं गं!" असं फोनवर सांगताना ती हसत होती की रडत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

आई तीन वर्षांपूर्वी गेल्या. मीनलच्या भावानं घर विकलं. त्या घरातलं जिवंत असं मीनलकडे आता काही उरलं असेल तर तो मी. हे मी फुशारकीनं सांगत नाही. तीच एकदा उदयला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणाली होती, "हे गेलं ना, तर माझं माहेर संपलं." त्या दिवसापासून मी स्वतःला जरा जपून वागवायला लागलो.

इथला हिवाळा माझा वैरी. सकाळी मीनल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते तेव्हा बाहेर अंधार असतो, आणि चष्म्याच्या दुकानातलं काम उरकून परत येते तेव्हाही अंधारच. उदय कॉम्प्युटरवाला, घरून काम करणारा. दिवसभर गुडघ्यांवर शाल, कानांना हेडफोन आणि थर्मोस्टॅटवरून बायकोशी तंटा. अशा घरात दुधाला लागायची इच्छा तरी कशी व्हावी? पण एक जागा होती. वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे टॉवेल वाळतात. रात्री पातेलं तिथे ठेवलं की सकाळी बहुधा मी तयार; हिवाळ्यात मधूनच कच्चा राहायचो, का ते कळायचं नाही. त्या दह्याची कढी व्हायची, केल नावाच्या इथल्या पालेभाजीची ताकातली भाजी व्हायची, आणि मीनलच्या डब्यातला दहीभात दुकानाच्या मागच्या खोलीत हीटरशेजारी बसून खाल्ला जायचा. ते कपाट माझं होतं. निदान मी तसं समजत होतो.

मग उदयला पाव करायचा नाद लागला.

त्यानं बरणीत कणीक आणि पाणी कालवलं. त्याला बुडबुडे आले, आणि उदयला जणू नातू झाला. दुकानातलं यीस्ट नको, म्हणे हेच आंबवण रोज खाऊपिऊ घालून जगवायचं. त्याचं नावही ठेवलं, जेरल्ड. मुलगी ईशिता लीड्सला शिकते. ती फोनवर पहिल्यांदा विचारायची, "बाबा, जेरल्ड कसा आहे?" मी कितीतरी वर्षं तिच्या पोटात जातोय, माझी चौकशी तिनं कधी केली नाही. माझा तिळपापड होणार नाही तर काय?

जेरल्डचे फोटो काढले जायचे. तो किती फुगला हे बघायला बरणीला रबर लावलेलं होतं. मी किती घट्ट लागलो हे कुणी कधी रबर लावून पाहिलं? आणि सगळ्यांत डोळ्यांत खुपलं ते हे, की उदय त्याला वाटत सुटला. शेजारच्या म्हाताऱ्याला एक बरणी, पोस्टमनला एक बरणी, ऑफिसातल्या मित्राला एक. बघता बघता जेरल्ड गल्लीभर झाला. माझ्यातलं मात्र आमच्या दारातून कुणाला काही मिळत नव्हतं.

त्याचं कारण मीनलच्या आईचा नियम. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. नागपूरला ठीक होतं हो, तिथे दिवे सातला लागतात. इथे डिसेंबरात चारलाच लागतात!

दोन घरं सोडून वैभवी राहायला आली होती, पुण्याची, नव्यानं व्हिसावर आलेली. नवरा कॉव्हेंट्रीत नोकरीला, त्यामुळे शनिवार-रविवार ती तिकडे. एका संध्याकाळी ती दारात आली.

"मीनलताई, थोडं विरजण मिळेल का? सुपरमार्केटचं योगर्ट ट्राय केलं मी, नुसती तार येते त्याला."

"अगं, आत्ता दिवे लागलेत. उद्या दिवसा ये ना."

"दिवसा मी ऑफिसमध्ये असते, ताई. आणि तुम्ही शॉपमध्ये."

"मग बघू या गं, जमेल कधीतरी," मीनल म्हणाली, आणि दार लागलं.

फ्रिजच्या मधल्या फळीवर मी चडफडत बसलो. त्याच वेळी ओट्याशी उदय जेरल्डची नवी बरणी भरत होता, कुणासाठी कोण जाणे.

मीनल दुकानाच्या ख्रिसमस पार्टीला गेली होती त्या संध्याकाळी वैभवी पुन्हा आली. दार उदयनं उघडलं. त्याला कसले दिवे आणि कसली लक्ष्मी! "ने की! फक्त मीनलला बोलू नकोस," म्हणाला, आणि माझ्यातले दोन चमचे काढून त्यानं जेरल्डसाठी धुऊन ठेवलेल्या बरणीत घातले. अपमान म्हणजे किती! पण मनातून मी फुललो होतो, हेही सांगितलं पाहिजे. शेवटी मलाही कुणीतरी नेत होतं. आमची जात अशी की चमचाभर काढला तर तिथेही मीच आणि मागे उरतो तोही मीच. त्या दिवसापासून मी दोन घरांत राहायला लागलो.

जानेवारीत गारठा वाढला आणि जेरल्डचं फुगणं मंदावलं. उदय कासावीस. एका रात्री मीनल पातेलं घेऊन वर गेली, तर माझ्या कपाटात जेरल्ड बसलेला, टॉवेलांच्या मधोमध, शेठजीसारखा.

"उदय, हे काय?"

"दोनच दिवस गं. तू दही ओव्हनमध्ये लाव ना, आतला लाइट चालू ठेवून. सगळे तसंच करतात."

मीनल दमली होती. तिनं वाद घातला नाही. ओव्हनमध्ये दिव्याच्या उबेला मला ठेवलं आणि आत दही आहे हे लक्षात राहावं म्हणून बाहेरच्या दांड्याला लाल टॉवेल बांधला. टॉवेल दिसला की ओव्हन पेटवायचा नाही, असं दोघांचं ठरलं. सकाळी पाहिलं तर मी अजून कच्चाच होतो, आणि त्याचं खापर मी जेरल्डवर फोडलं. "संध्याकाळपर्यंत होईल," म्हणत ती कामावर गेली. विरजण वेगळं काढलेलं नव्हतं, होतं नव्हतं ते सगळं त्याच पातेल्यात.

दुपारी उदय हेडफोन लावून मीटिंगमध्ये बोलत बोलत खाली आला. जेरल्डचं पीठ मळून ठेवलं होतं, ते झाकायला काहीतरी हवं होतं. बोलण्याच्या नादात त्यानं हाताला आला तो लाल टॉवेल सोडला आणि पिठावर घातला. तासाभरानं परत आला. दांडा मोकळा. त्यानं ओव्हन लावला, पावाला लागतो तसा, कडकडीत.

त्यातलं मी फार सांगणार नाही. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? या देशात इतकी ऊब मला कधी मिळाली नव्हती. मग ती वाढतच गेली. जेरल्डचा पाव शेकायला मिळावा म्हणून मी शिजून मेलो, एवढं लक्षात ठेवा.

पुढचं सांगतोय ते वैभवीच्या घरातून.

त्या संध्याकाळी तिनं खिचडी केली होती आणि माझी बरणी बाहेर काढली होती. कामाच्या धबडग्यात तिनं बरेच दिवस नवं दही लावलं नव्हतं. तळाशी मी दोन चमचे उरलो होतो. एक चमचा तिनं खिचडीवर घेऊन खाल्लाही. दुसरा भरणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात मीनल, घरातल्या कपड्यांवर कोट चढवलेला, हातमोजे नाहीत, डोळे लाल. तिच्यामागे उदय, मान खाली.

"वैभवी, तुझ्याकडे आहे का गं ते?"

वैभवीनं उदयकडे पाहिलं.

"सांगितलं मी तिला," उदय म्हणाला. "ओव्हनचं पण आणि तुला दिल्याचं पण."

"सॉरी ताई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"ते राहू दे. आहे का?"

वैभवीनं बरणी आणली. "एवढंच आहे. एक चमचा मी आत्ताच खाल्ला."

मीनलनं बरणीत पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. तिचा हात पुढे आला, आणि तसाच मागे गेला.

"आत्ता नको. दिवे लागलेत."

"मीनल, प्लीज!" उदयचा आवाज चढला. "एक चमचा उरलाय. कसलं लॉजिक आहे हे?"

"तुझं लॉजिक ओव्हनमध्ये आहे," मीनल म्हणाली. मग वैभवीकडे वळून हळूच बोलली, "आईनं दिवेलागणीनंतर कधी कुणाकडे मागितलं नाही गं. तुझा तर संसार आत्ता सुरू होतोय. तुझ्या घरातून मी कसं नेऊ?"

दार उघडंच होतं, बाहेरचा गारठा आत येत होता, आणि मी त्या एका चमच्यात जीव मुठीत धरून बसलो होतो.

"मग नेऊ नका ना," वैभवी म्हणाली. "आत या. दूध इथेच तापवू. दही माझ्याच घरात लागू दे, आणि उजाडल्यावर तुम्ही न्या. ते चालेल?"

मीनलनं थोडा वेळ विचार केला. यात मीनलच्या आईलाही खोट काढता आली नसती. तिनं बूट काढले.

दूध तापलं. मीनलनं बोट बुडवलं. "गरम आहे अजून." थोड्या वेळानं पुन्हा बुडवलं. "अजून गरम आहे."

"मीनल," उदय म्हणाला, "तुझी बोटं बर्फ झालीयेत. तुला आत्ता काहीही गरमच लागणार."

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मला लख्ख समजलं की इतके हिवाळे मी का बिघडत होतो. बाहेरून यायचं, गारठलेलं बोट घालायचं, दूध गरम वाटलं म्हणून थांबायचं, आणि शेवटी मला गार दुधात सोडायचं. त्यात बिचाऱ्या जेरल्डचा काही दोष नव्हता. हे कबूल करताना मला किती त्रास होतोय ते तुम्हाला नाही कळायचं.

"वैभवी, तूच बोट घाल," मीनल म्हणाली.

"मला नाही कळत, ताई."

"कळेल. आई म्हणायची, तान्ह्या बाळाला अंघोळ घालता येईल इतपत."

वैभवीनं बोट घातलं, थांबली. "हां, आता." मीनलनं तो एकुलता एक चमचा दुधात सोडला, हलक्या हातानं ढवळला, वर ताटली ठेवली आणि वैभवीचा मफलर गुंडाळून भांडं रेडिएटरजवळ ठेवलं. मग चहा झाला. चहा पिताना मीनल आईबद्दल बोलायला लागली. आई गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. उदय ऐकत होता. मी त्या बोलण्यातच हळूहळू लागत गेलो.

रात्री बर्फ पडला. सकाळी ट्रेन बंद, दुकानं बंद, सगळीकडे पांढराशुभ्र उजेड. मीनल बर्फ तुडवत आली. तिनं भांडं तिरकं केलं. मी हललो नाही. बोटाच्या टोकावर घेऊन तिनं मला चाखलं.

"हेच," ती म्हणाली.

तिनं माझे दोन भाग केले. एक आपल्या वाटीत घेतला, एक वैभवीच्या बरणीत ठेवला. "हे तुझं. कुणी मागायला आलं तर दे. आणि अंधार पडून आलं, तर त्यांना आत बोलाव."

मग तिनं वाटीवर हात झाकला, कोट घट्ट केला आणि दार ओढून घेतलं.

जेरल्डची रवानगी खिडकीत झाली आहे, असं ऐकतो. टाकीच्या कपाटात पुन्हा मी असतो. बरं वाटतं, नाही असं नाही. पण तो मी तिथला. इथला मी वैभवीच्या फ्रिजमध्ये आहे, आणि सध्या माझा जळफळाट होतो तो माझ्यावरच. इतकी वर्षं मला वाटायचं, ज्याला घरोघरी वाटतात तो भाग्यवान. वाटल्या जाणाऱ्याला दारात उभं राहून पाठमोऱ्या माणसाकडे बघावं लागतं, हे जेरल्डनं कधी सांगितलं नव्हतं. मीनलच्या आईला ते माहीत असणार. रुमाल वाळवून दिल्यावर त्याही दारातच उभ्या होत्या.

मीनल मला घेऊन गेली, आणि मी इथेच राहिलो. तुम्हाला ती भेटली तर तिला एवढंच सांगा, इथेही छान लागलंय.